हार्टफर्डच्या काकूंकडून काम काढून घेताना

माझ्या व्हिसाच्या कागदपत्रांत लिहिलेलं होतं की माझ्याकडे ‘विशेष ज्ञान’ आहे. एल-वन बी व्हिसाची ती अटच असते. कंपनीच्या स्वतःच्या उत्पादनाची किंवा कामाच्या पद्धतीची बाहेरच्याला सहज न मिळणारी माहिती तुमच्याकडे असावी लागते. वकिलांनी त्यासाठी लांबलचक पत्र तयार केलं होतं आणि आमच्या कंपनीने बनवलेल्या एका टूलचं नाव त्यात पानोपानी पेरलं होतं. ते टूल आमच्या प्रोजेक्टवर कुणी वापरत नव्हतं. शिवाय मी निघाले होते ती ज्ञान द्यायला नव्हे, घ्यायला. कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात एका विमा कंपनीची जुनी मेनफ्रेम सिस्टीम, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावर चालणारी यंत्रणा, होती. ती वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या माणसांकडून सगळं समजून घ्यायचं, पुण्याला आणायचं, आणि मग त्या माणसांनी घरी बसायचं. आमच्या धंद्यात याला केटी म्हणतात, नॉलेज ट्रान्स्फर.

ही गोष्ट २००४ ची. आत्ता लिहायचं कारण माझा भाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी एच-वन बीच्या, म्हणजे परदेशी कुशल कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या व्हिसाच्या, नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली, तेव्हापासून तो चिडलेला आहे. ‘आम्ही काय त्यांचं काम चोरलं का?’ असं विचारतो. त्याला फोनवर जे तुकड्यातुकड्याने सांगितलं ते इथे सलग लिहिते आहे.

त्या वर्षी सगळे एल-वनच्या मागे का लागले होते, तेही सांगायला हवं. एच-वन बीची वार्षिक मर्यादा तीन वर्षं १,९५,००० होती, ती ऑक्टोबर २००३ पासून पुन्हा ६५,००० वर आली. फेब्रुवारी २००४ मध्येच कोटा संपला. पुढच्या वर्षीचा तर १ ऑक्टोबरला, वर्ष सुरू झालं त्याच दिवशी संपला. एल-वनला मर्यादा नव्हती आणि तिथल्या बाजारभावाने पगार द्यायची अटही नव्हती. एल-वन हा मुळात कंपनीने आपलाच माणूस आपल्याच दुसऱ्या देशातल्या ऑफिसात हलवावा यासाठीचा व्हिसा. आमच्या कंपनीचं तिकडचं ऑफिस म्हणजे न्यू जर्सीतला एक पत्ता. मी तो आजतागायत पाहिलेला नाही.

व्हिसाचं फार काही सांगण्यासारखं नाही. पुणे स्टेशनवरून रात्रीची दादर टॅक्सी, पहाटे ब्रीच कँडीला अमेरिकन वकिलातीबाहेर फुटपाथवर रांग. वकिलात तेव्हा तिथे होती, बीकेसीला गेली ती २०११ मध्ये. खिडकीपलीकडच्या गोऱ्या साहेबाने विचारलं, ‘तुमच्याकडे असं काय आहे जे हार्टफर्डमध्ये कुणाकडे नाही?’ मी पाठ केलेलं टूल म्हणून दाखवलं. त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि शिक्का मारला.

हार्टफर्ड ही विम्याची राजधानी समजली जाते. उंच इमारतींतली एक तरी विमा कंपनीची असणारच. आमच्या क्लायंटची सिस्टीम कोबोल या जुन्या संगणकी भाषेत लिहिलेली होती, काही प्रोग्रॅम माझ्यापेक्षा वयाने मोठे. घर, गाडी, छोटे धंदे यांच्या पॉलिसी, त्यांचं नूतनीकरण, हप्ते, परतावे हे सगळं रात्री दहाला सुरू होणाऱ्या बॅचमध्ये, म्हणजे एकगठ्ठा चालणाऱ्या कामांत, व्हायचं. शेकडो जॉब एकापाठोपाठ एक, सकाळी ऑफिस उघडायच्या आत संपायला हवेत. मधला एक पडला की मागचे सगळे अडकले.

आम्ही पोचायच्या आधीच तिथल्या टीमला हॉलमध्ये बोलावून सांगून झालेलं होतं. मोठी कपात करताना साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते असा तिथला १९८८ चा कायदा आहे, त्यामुळे कागद रीतसर होते. नोकरीच्या दर वर्षामागे ठरावीक पगार जाताना मिळणार होता. पण शेवटच्या तारखेपर्यंत थांबलात आणि केटीला ‘पूर्ण सहकार्य’ केलंत तरच. सहकार्य केलं की नाही हे ठरायचं एका एक्सेल शीटवर. प्रत्येक मोड्यूलसमोर, म्हणजे सिस्टीमच्या एकेका भागासमोर, लाल, पिवळा, हिरवा रंग. समजावून सांगितलं याची सही देणाऱ्याची, समजलं याची सही घेणाऱ्याची. म्हणजे माझी.

माझ्या वाट्याला आलेल्या बाई चोपन्न वर्षांच्या होत्या आणि १९८१ पासून त्याच कंपनीत. आम्ही आपसात त्यांना काकू म्हणायचो, तेच नाव इथे ठेवते. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘तू इथे कशासाठी आलीयस ते तुला सांगितलंय ना?’ मी हो म्हटलं. ‘बरं झालं. मागच्या खेपेला आलेल्या मुलाला सांगितलेलंच नव्हतं, मलाच सांगावं लागलं. कॉफी त्या कोपऱ्यात. चल, बस.’

केटीची एक ठरलेली चाल असते. सुरुवातीचे काही आठवडे नुसतं ऐकायचं आणि लिहून घ्यायचं. मग शॅडो, म्हणजे काम त्या करणार आणि मी शेजारी बसून बघणार. मग रिव्हर्स शॅडो, म्हणजे काम मी करणार आणि त्या शेजारी हाताची घडी घालून. मधूनमधून प्लेबॅक, म्हणजे त्यांनी शिकवलेलं त्यांनाच परत समजावून सांगायचं आणि त्यांनी मार्क द्यायचे. पुण्यात आमच्या टीमला मी रोज रात्री त्याच नोट्स पाठवायचे. पुण्यातल्या माणसाचं बिल तासाला वीस-पंचवीस डॉलर, माझं ऑनसाइट, म्हणजे क्लायंटच्या जागी, असताना साठ-सत्तर. त्यामुळे मला तिथे जास्त काळ ठेवणं कुणालाच परवडणारं नव्हतं, आणि शीट लवकर हिरवी व्हावी याची घाई दोन्ही कंपन्यांना सारखीच.

एक गोष्ट मात्र काकू मनापासून द्यायला तयार होत्या, ती म्हणजे पेजर. वीसेक वर्षं त्यांच्या उशाशी तो वाजत आला होता. हार्टफर्डचे रात्रीचे दोन म्हणजे उन्हाळ्यात पुण्यातले सकाळचे साडेअकरा. त्यांची झोपमोड ती आमची ऐन कामाची वेळ. अर्थशास्त्र्यांनी आउटसोर्सिंगवर जेवढं लिहिलं त्यात पगारातला फरक भरपूर असतो, पण मेनफ्रेमवाल्यांना विचाराल तर साडेनऊ तासांचा फरक हा निम्मा सौदा होता. ‘हा घेऊन जा,’ काकू म्हणायच्या, ‘याच्यासाठी मी मोर्चा काढणार नाही.’

ऑक्टोबरातला एक गुरुवार मला लख्ख आठवतो. रिव्हर्स शॅडो चालू होतं, म्हणून त्या आठवड्यात आम्ही दोघी रात्री ऑफिसात. परताव्याच्या चेकचा जॉब पडला. सॉक-सेव्हन. जिथे आकडा हवा तिथे भलतंच काही आलं की मेनफ्रेम हा कोड दाखवतं, आमच्यातल्या प्रत्येकाने तो रात्री-बेरात्री पाहिलेला असतो. मी डम्प, म्हणजे जॉब पडला त्या क्षणीची मेमरीची नोंद, उघडला, चूक नेमकी कुठे झाली त्याचा ऑफसेट काढला, रेकॉर्ड शोधला. मेन राज्यातली एक पॉलिसी होती, रकमेच्या जागी कोऱ्या जागा भरलेल्या. रेकॉर्ड बाजूला काढला, नोट केली. डॉक्युमेंटमध्ये पुढची पायरी स्पष्ट होती: पडलेल्या स्टेपपासून जॉब पुन्हा चालवा. मी जेसीएल, म्हणजे जॉब चालवायच्या सूचना, तयार केलं, एंटर मारायला बोट उचललं. काकू इतका वेळ गप्प होत्या.

‘आज वार कोणता?’

‘गुरुवार.’

‘गुरुवारी छपाईवाले फाईल अर्ध्यातूनच उचलतात. शुक्रवारची टपालाची गाडी लवकर असते म्हणून. आत्ता हे चालवलंस तर आधी छापून झालेले चेक पुन्हा छापले जातील आणि लोकांच्या घरी दोन-दोन पोचतील. आधी तळमजल्यावर फोन लाव, कुठपर्यंत छापलं विचार, मग त्याच्या पुढून सुरू कर.’

डॉक्युमेंटमध्ये हे नव्हतं. कुठल्या प्रोग्रॅममध्येही नव्हतं, कारण हा प्रोग्रॅमचा भाग नव्हताच. कधीतरी कुणी तरी खालच्या मजल्यावरच्या माणसाशी बोलून लावलेली सोय होती. मी फोन केला, छपाईवाल्याने आकडा सांगितला, पहाटे जॉब सुरळीत गेला. दुसऱ्या दिवशी मी आमच्या शीटमध्ये ‘वार’ असा नवा रकाना टाकला आणि पुण्याला पाठवला. मॅनेजरने शाबासकीची मेल सगळ्यांना पाठवली, माझं नाव घेऊन. काकूंचं नाव त्यात नव्हतं. त्या रात्री त्यांनी नुसतं गप्प बसायचं ठरवलं असतं तर काय झालं असतं, हा हिशोब त्यांनीही केलाच असणार.

दुपारी जेवणाच्या खोलीत राजकारण चालायचं. सुरुवातीला आम्ही आत गेलो की विषय बदलायचा, पुढे पुढे बदलेनासा झाला. त्या वर्षी बुश यांच्याविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या जॉन केरी यांनी प्रचारात, परदेशात काम पाठवणाऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांना ‘बेनेडिक्ट अर्नोल्ड’ म्हटलं होतं. मला संदर्भ लागेना. काकूंनी सांगितलं की हा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला सेनानी, जो इंग्रजांना जाऊन मिळाला. ‘आणि आमच्याच राज्यातला, नॉर्विचचा,’ असं त्या जरा ओशाळून म्हणाल्या. मी म्हटलं, मी वाईची, आमच्याकडे सूर्याजी पिसाळ. वतनासाठी त्याने रायगड मोगलांच्या हाती जाऊ दिला असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, आणि ते वतन होतं वाईच्या देशमुखीचं. हे ऐकून त्या इतक्या खूश झाल्या की आम्हा दोघींना ‘गद्दारांच्या गावच्या’ म्हणायला लागल्या. पण नंतर एकदा त्यांनी विचारलं, यात फितूर नक्की कोण? कंपनीचा मालक? की शीटवर सही करणारी मी? मी काही बोलले नाही.

त्यांच्या टीममधले एक दाढीवाले गृहस्थ वर्तमानपत्राची कात्रणं जमवायचे. फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष बुश यांचे आर्थिक सल्लागार ग्रेगरी मॅनकिव यांनी, आउटसोर्सिंग ही व्यापाराचीच नवी तऱ्हा आहे आणि दीर्घकाळात ते अर्थव्यवस्थेच्या बहुधा फायद्याचंच ठरेल, असं म्हटल्यावर त्यांच्याच पक्षातले लोक त्यांच्यावर तुटून पडले होते. ते कात्रण दाखवून हे गृहस्थ म्हणाले, ‘दीर्घकाळ म्हणजे कधी? माझ्या घराचे हप्ते फिटायच्या आधी की नंतर?’ फॉरेस्टर या संशोधन कंपनीचा तो गाजलेला अंदाजही त्यांच्याकडे होता, २०१५ पर्यंत ३३ लाख नोकऱ्या बाहेर जातील असा. संध्याकाळी सहाला सीएनएनवर निवेदक लू डॉब्ज रोज परदेशात काम पाठवणाऱ्या कंपन्यांची नावं वाचायचे. आम्ही मुली रॉकी हिलच्या अपार्टमेंटमध्ये खिचडी करता करता ते बघायचो आणि आमच्या क्लायंटचं नाव येतंय का याकडे कान असायचा.

माझं स्वतःचं मत तेव्हाही होतं आणि आजही फारसं बदललेलं नाही. मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती त्या वर्षी ठासून सांगत होते की सेवांचा व्यापार वस्तूंच्या व्यापारासारखाच आहे आणि त्याने दोन्ही बाजूंचा लाभ होतो. मला ते पटायचं. न पटून कसं चालेल? माझ्या पगारातून वडिलांचं सोसायटीचं कर्ज फिटत होतं. काम स्वस्तात आणि नीट करणाऱ्याकडे जातं, कापडाचं तसंच झालं, मुंबईच्या गिरणगावाला ते सांगायची गरज नाही. पण त्याच सुमारास पॉल सॅम्युएलसन यांच्यासारखा बुजुर्ग अर्थशास्त्रज्ञ, श्रीमंत देशाचा यात निव्वळ तोटाही होऊ शकतो, असं लिहीत होता. आणि तीही बाजू अगदीच उडवून लावण्यासारखी नव्हती.

दोघांच्याही गणितात न बसणारी गोष्ट मात्र मी रोज बघत होते. गिरणी कामगाराला कुणी सांगितलं नव्हतं की तुझा माग दुसऱ्याला चालवायला शिकव, तरच तुझे पैसे मिळतील. इथे तसंच होतं. चोरी म्हणता येत नाही, सौदा म्हणायलाही जीभ अडखळते. तेवीस वर्षांच्या नोकरीचे पैसे आणि त्या पैशांवर पुढचे काही महिने भरायचा आरोग्य विमा, हे सगळं एका तिशीच्या आतल्या परदेशी मुलीच्या सहीवर टांगलेलं. कायद्याने नोकरी गेल्यावर अठरा महिने जुना आरोग्य विमा चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता स्वतः भरून. काकूंच्या यजमानांना मधुमेह होता. ‘माझा पगार गेला तर चालेल, विमा नाही,’ असं विमा कंपनीतच बसून त्या म्हणायच्या.

सरकारी मदतीचंही एक त्रांगडं होतं. आयातीमुळे नोकरी गेलेल्यांसाठी अमेरिकेत जुनी योजना होती: प्रशिक्षण, भत्ता वगैरे. पण ती ‘वस्तू’ बनवणाऱ्यांसाठी. कामगार खात्याचं म्हणणं असं की तारेतून गेलेलं सॉफ्टवेअर ही वस्तू नव्हे. सीडीवर भरून गेलं तर गोष्ट वेगळी. कनेटिकटमधलेच काही संगणक कर्मचारी यावरून कोर्टात गेले. २००६ मध्ये खात्याने भूमिका बदलली आणि २००९ च्या कायद्याने सेवा क्षेत्रातल्यांनाही दार उघडलं. काकूंना त्याचा काही उपयोग झाला नाही. दाढीवाल्या गृहस्थांनी मात्र आपण लिहिलेला सगळा कोड एका सीडीवर घालून ती टेबलावर ठेवली आणि वर चिठ्ठी लावली: वस्तू.

नोव्हेंबरात बुश पुन्हा निवडून आले. त्याच महिन्यात माझ्या शीटमधले उरलेसुरले पिवळे रकाने हिरवे झाले. सह्यांच्या दिवशी काकूंनी पेन खिशातून काढलं, प्रत्येक ओळ वाचून सही केली, दोन ठिकाणी माझ्या इंग्रजीतल्या चुकाही दुरुस्त केल्या. शेवटच्या दिवशी केक होता. केक आमच्या कंपनीने आणला होता, याहून वाईट कल्पना कुणाला सुचली नसती. काकूंनी एक तुकडा खाल्ला आणि म्हणाल्या, ‘गोड जरा जास्त आहे.’

डिसेंबरात मी पुण्याला परत आले. त्याच महिन्यात एल-वनचा कायदा बदलला. क्लायंटच्या जागी, क्लायंटच्या देखरेखीखाली नुसते हात पुरवायला एल-वन बीची माणसं पाठवायची नाहीत, असा तो बदल जून २००५ पासून लागू झाला. कनेटिकटचे सिनेटर ख्रिस डॉड आणि तिथल्याच काँग्रेस सदस्य नॅन्सी जॉन्सन, एक डेमोक्रॅट नि एक रिपब्लिकन, दोघांनी मिळून २००३ मध्ये याच विषयावर विधेयक आणलं होतं. माझ्यासारखी माणसं कुठल्या दाराने यावीत, एवढंच त्या बदलाने ठरवलं. जाणाऱ्याचे पैसे केटीला बांधायची पद्धत तशीच राहिली. २०१५ मध्ये फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत डिस्नेच्या सुमारे २५० संगणक कर्मचाऱ्यांची हीच कथा अमेरिकन वर्तमानपत्रांत आली तेव्हा लोकांना ती नवीन वाटली. माझ्या मते मनाई करायचीच असेल तर ती या एका कलमाला करावी. शिकवायचे पैसे वेगळे द्या आणि शिकवायचं की नाही ते त्या माणसाला ठरवू द्या. भाच्याला मी हेच सांगितलं. त्याला ते फारसं आवडलं नाही.

जानेवारी २००५ च्या पहिल्या आठवड्यात बॅच पडली आणि उठेना. पुण्यात आम्ही सगळे स्क्रीनभोवती. सॉक-सेव्हन, पण एका रेकॉर्डवर नव्हे, हजारोंवर. शेवटी उलगडलं ते असं: ऐंशीच्या दशकात या कंपनीने दुसरी एक विमा कंपनी विकत घेतली होती, तिच्या पॉलिसींमध्ये एका रकमेच्या जागी शून्याऐवजी कोरं सोडलेलं असायचं. एक प्रोग्रॅम अशा पॉलिसी ओळखून तिथे शून्य भरायचा, आणि ओळखायचा तो क्रमांकांच्या मालिकांच्या एका यादीवरून. दर वर्षी नवी मालिका सुरू व्हायची. ती यादीत दर डिसेंबरला हाताने घालायची असे. दर डिसेंबरला ते कोण करायचं, हे सांगायला नको. आमची केटी ऑगस्ट ते नोव्हेंबर. आमच्या शीटमध्ये प्रोग्रॅम होते, जॉब होते, वारही होता. महिना नव्हता.

ही कारणमीमांसा आमची नव्हती. हार्टफर्डहून क्लायंटने काकूंना परत बोलावलं होतं, कंत्राटावर. आमच्या सकाळी नऊला त्यांचा फोन आला, तिकडे रात्रीचे साडेदहा. त्यांनी यादी कुठे आहे, काय भरायचं, कोणत्या क्रमाने चालवायचं सगळं सांगितलं. शिवाय त्यांना तासाला काय मिळतंय तेही सांगितलं. माझ्या ऑनसाइट बिलिंगपेक्षा बरंच जास्त होतं. मागून आमचा मॅनेजर आवरायची खूण करत होता, मी म्हटलं, इथे जरा घाई चाललीय.

‘त्याला सांग, सावकाश होऊ दे. मला आता तासाचे मिळतात.’

फोन सव्वा तास चालला. सव्वा तास म्हणजे बिलात दोन तास लावायचे, हेही त्यांनी मला त्याच फोनवर शिकवलं.